कुमुदचं विमान आणि पुतळीचा नांगर

पुतळीबद्दल बरं बोलणारा माणूस बोरीच्या वाडीत शोधूनही सापडला नसता. दिसायला ती चारचौघींसारखी, कामात कुणाला हार न जाणारी, पण तोंडानं भलती फटकळ. सासूनं एक सुनावलं की ही दोन परत करायची. सासू कौसाबाई काही मऊ मेणाची नव्हती; तिचा आवाज चढला की विहिरीवरच्या बायका घागरी अर्ध्या टाकून निघायच्या. या दोघींच्या मधे पुतळीचा नवरा धाकलू नऊ वर्षं मुकाट्यानं जेवत आला होता. बिचारा सज्जन होता, आणि सज्जन माणसाचा घरात जेवढा उपयोग होतो तेवढाच त्याचा व्हायचा.

बोरीची वाडी म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, डोंगराला चिकटलेली सतरा घरं. अंबरनाथच्या कारखान्यांचे भोंगे वाडीत ऐकू यायचे आणि त्यावर लोक जेवायच्या वेळा ठरवायचे. नव्या जमान्याशी वाडीचं नातं एवढंच. दुसरं नातं होतं ते धावपट्टीचं, आणि ते वैराचं होतं. लढाईच्या काळात विमानं उतरवायला सपाट जागा हवी होती, ती नेमकी वाडीच्या भातखाचरांवरून गेली. बांध मोडले, मुरूम पडला, रोलर फिरला. लढाई संपली, विमानं गेली, पट्टी तेवढी राहिली. तिच्या दोन्ही अंगांना कंबरभर गवत माजलं. बापजाद्यांनी जिथे भात लावला तिथे आता गवत कापून भारे बांधायचे, हे पुरुषांच्या मनात सलत असे. आभाळातून विमान गेलं तरी म्हातारे खाली बसून शिव्या हासडायचे.

त्रेपन्न सालच्या डिसेंबरात अख्खी वाडी पट्टीवर गवत कापत असताना एक छोटं विमान डोंगरावरून खोकत खोकत आलं आणि त्यांच्यासमोरच उतरलं. बसायच्या जागा दोन, एकीमागे एक. वर छप्पर नाही आणि पंख कापडाचे. मागच्या जागेतून एक बाई उतरली. अंगात पँट, डोक्याला चामड्याची टोपी, टोपीखालून वेणी लोंबत होती. वय बावीस-तेवीस. तिचं नाव कुमुद दिघे, घर कल्याणचं, आणि मुंबईच्या फ्लाइंग क्लबात ती विमान चालवायला शिकली होती. अख्ख्या क्लबात ती एकटी मुलगी होती. पण तिला नाव-गाव कुणी विचारलंच नाही.

पोलीस पाटील देऊ पुढे झाला. त्यानं विमानाच्या पुढच्या जागेत डोकावून पाहिलं. ती रिकामी होती.

"चालवनारा कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"मीच चालवते."

"तू बसली होतीस ते दिसलं आमाला. चालवनारा कुठं उतरला?"

कुमुदनं तीनदा सांगितलं. पहिल्यांदा नीट, दुसऱ्यांदा हातवारे करून, तिसऱ्यांदा ओरडून. मग पुरुषांची मसलत बसली. विमान खोकायला लागलं तेव्हा चालवणारा घाबरून डोंगरावर उडी मारून गेला असणार, असं सर्वांच्या मतानं ठरलं. बाई विमान चालवते हे मानण्यापेक्षा आभाळातून पडलेला पुरुष कुठेतरी जिवंत असेल हे मानणं त्यांना सोपं गेलं. दोन गडी दोर आणि कोयती घेऊन डोंगराकडे रवाना झाले. तो सापडेपर्यंत ही बाई जागची हलणार नाही, असा देऊनं हुकूम सोडला.

इतक्यात पुतळीचा धाकटा दीर चांगो हातात इळा घेऊन विमानाच्या पंखाजवळ आला. "कापड हाय नुसतं," तो म्हणाला. "फाडू का? आमचं भात मारलंत, आता आमच्या छातीवर उतरता?" मागून कुणीतरी दगड भिरकावला, तो कुमुदच्या खांद्याला लागला. लोक हसले. चांगोनं इळ्याचं टोक कापडाला लावलं.

पुतळीला त्या बाईची दया आली असं कुणी समजू नये. तिला आधी वाटलं ते एवढंच, की या बयेला घरी बसायला काय झालं होतं. पण समोरची बाई घाबरलेली दिसली की चांगोची छाती कशी फुगते ते तिनं घरात पाहून घेतलं होतं, आणि तिला त्याचा मनापासून तिटकारा होता. ती सरळ जाऊन इळा आणि पंख यांच्या मधे उभी राहिली.

"भावजी, इळा खाली करा."

"तू कशाला मधे पडतंस, वयनी?"

"खाली करा बोलले ना. नायतर मी पन इळाच धरून हाय."

तिच्या हातात खरंच इळा होता. चांगो मागे झाला, पण त्या दिवसापासून त्यानं मनात गाठ बांधली.

कुमुदनं पाना काढून इंजिन उघडलं. पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता. ती नळी सोडवून तोंडानं फुंकत होती आणि पुतळी राखण करत बाजूला उभी होती. थोड्या वेळानं पुतळी म्हणाली, "तुझं हात कापतान."

"कापू देत. कापणाऱ्या हातांनीही नट बसतो."

"बापूस काय बोलला तुझा?"

"सहा महिने बोललाच नाही."

"आनि ते शिकवनारं?"

"ते म्हणाले, बाई बसली की मशीन बिघडतं. आज बिघडलं, आता उद्या हसतील. पुरुषाचं बिघडलं की वारा वाईट होता म्हणतात." कुमुदनं नट आवळला. "मग परवा पुन्हा उडायचं. दुसरं काय करणार? रडून लायसन मिळत नाही."

विमान सुरू करायला एक माणूस लागत होता. कुमुदनं पुरुषांना विचारलं, एकही पुढे आला नाही. मग तिनं पुतळीलाच सांगितलं: चाकांपुढे दगड लाव; मी पंखा फिरवीन, इंजिन लागलं की आत बसेन; मी हात दाखवला की दगड ओढ आणि बाजूला पळ, पुढे नाही. पुतळीनं सगळं बरोबर केलं. वाऱ्यानं तिचा पदर उडाला, धुळीनं डोळे भरले, आणि विमान पट्टीवरून सुटलं तेव्हा आडवी आलेली सगळी मर्द मंडळी गवतात पालथी झाली. पुतळी मोठ्यानं हसली. हे हसणं तिला कुणी माफ केलं नाही. डोंगरावर गेलेले दोघे संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले आणि तो चालवणारा वाघानं नेला असं सांगू लागले.

घरी कौसाबाईनं तिला दारातच अडवलं. "इमानाला हात लावून आली. आता घराला काय लावतंस?" धाकलू चार दिवस तिच्याशी बोलला नाही, पण त्यानं हात उगारला नाही, हे त्याच्या नावे जमा. त्यानंतर वर्षभर वाडीत पुतळीचं नाव 'इमानवाली' पडलं, आणि ते कौतुकानं घेतलं जात नव्हतं.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात धाकलू गेला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला झाडाच्या फांद्या तोडतात, त्या तोडायला तो ऐनाच्या झाडावर चढला होता. फांदी मोडली आणि तो दगडावर पडला. घरी आणेपर्यंत संपलं होतं. पुतळीला पाच वर्षांची एक मुलगी, नवसी. बाकी मागे राहिलं ते बैलांची जोडी, नांगर आणि दीड एकर भात.

ती दीड एकर धाकलूची नव्हती. बदलापूरच्या विष्णुपंतांची जमीन, धाकलू तिचं कूळ. पण नवा कायदा येऊ घातला होता आणि वाडीवाडीत एकच बोललं जात होतं, की जो जमीन कसतो त्याच्याच नावावर ती होणार. बाराव्या दिवशी, पानं उठली नाहीत तोवर, चांगोनं जाहीर केलं, "आता जमीन मी बघनार. वयनीनं आनि पोरीनं खावं-प्यावं, घरातलं काम करावं."

पुतळी दुसऱ्याच दिवशी बदलापूरला विष्णुपंतांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. विष्णुपंत वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "हे बघ, कागदावर कसणाऱ्याचं नाव लागतं. नांगर धरील तो कसणारा. तुमच्यात बाई नांगर धरत नाही. मग चांगो धरणार, आणि नाव चांगोचं लागणार. यात मी काय करू शकतो?"

पुतळी परतीच्या वाटेवर हेच घोळवत चालली होती. भात लावते बाई, गुडघाभर चिखलात उभं राहून. तण बेणते बाई, कापते बाई, झोडते बाई, कांडते बाई. फक्त नांगराच्या रुमण्याला, त्या मुठीला, तिनं हात लावायचा नाही, कारण बाईनं नांगराला हात लावला की पाऊस मागे फिरतो. नांगर अंगणात आडवा पडला असला तरी ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं. लहानपणापासून ती असाच वळसा घालत आली होती. आज तिला पहिल्यांदा कळलं की त्या वळशाची किंमत दीड एकर आहे. तिला भयंकर राग आला. एवढी वर्षं आपण मुकाट वळसा घातला, म्हणून स्वतःचाही आला.

आर्द्रा लागल्या, खाचरं भरली. एके दिवशी सकाळी पुतळीनं बैल सोडले, नांगर ओढत नेला आणि स्वतः जुंपला. दोन-चार बांधांवरचे लोक हातातलं काम टाकून बघत राहिले. तिनं रुमण्यावर हात ठेवला तेव्हा तिचे हात थरथरत होते. तिला कुमुद आठवली, आणि हात कापायचे थांबण्याची वाट बघायची नसते हेही आठवलं. तिनं बैलांना हाकारलं.

नांगराची पहिली रेघ, पहिलं तास, वाकडं गेलं, दुसरं त्याहून वाकडं. फाळ दगडाला अडला आणि ती तोंडावर आपटली. लोक हसले. ती उठली, तोंडावरचा चिखल पुसला आणि पुन्हा रुमणं धरलं. तिसऱ्या खाचरापर्यंत हसणं थांबलं होतं. मग चिखलाचे गोळे येऊ लागले, आधी बैलांच्या अंगावर, मग तिच्या. चांगो बांधावरून धावत आला आणि त्यानं रुमण्याला हात घातला. पुतळीनं बैल हाकायच्या पराणीचं टोक त्याच्या मनगटावर मारलं. रक्त आलं. कौसाबाई बांधावर उभी राहून दोन्ही हातांनी ऊर बडवत होती. पोटचा पोर गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

त्याच दिवशी गावदेवीच्या देवळापुढे गावकी बसली. पुतळीला वाळीत टाकायचं ठरलं. विहिरीचं पाणी बंद, विस्तव बंद, बोलणं बंद, आणि सावड बंद. सावड म्हणजे आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. त्याखेरीज वाडीत कुणाचीही लावणी होत नसे. मुदत तीन वर्षं. कौसाबाईनं चूल वेगळी केली आणि पुतळीला गोठ्यात हाकललं.

पुतळी ओढ्याचं पाणी प्यायली. अकरा खाचरांची लावणी तिनं एकटीनं केली. माहेराहून बहीण चंद्री चार दिवस आली तेवढीच मदत. लावणीला उशीर झाला, पीक निम्मं आलं. त्या श्रावणात पावसानं बारा दिवस दडी मारली, ती पुतळीमुळे. छप्पन्न साली तिनं पुन्हा नांगर धरला आणि पाऊस इतका झाला की बांध फुटले, तेही पुतळीमुळेच. पाऊस कमी पडला तरी पुतळी आणि जास्त पडला तरी पुतळी. इंद्राला त्या दोन वर्षांत काही कामच उरलं नव्हतं. नवसीला पोरं खेळायला घेत नसत. रात्रीच्या वेळी गोठ्यात पुतळी रडायची, दिवसा मात्र तिनं कुणाला डोळे ओले दिसू दिले नाहीत.

सत्तावन्नच्या फेब्रुवारीत जमिनीची चौकशी करायला सर्कल साहेब वाडीवर आले. सोबत तलाठी आण्णा, काखेत दप्तर. देवळापुढच्या आंब्याखाली घोंगडं टाकलं होतं. आण्णानं दप्तर उघडून वाचलं आणि पुतळीच्या पायाखालची जमीन सरकली. दोन्ही वर्षांच्या पीकपाहणीत कसणारा म्हणून नाव होतं चांगोचं. आण्णा पाहणीला कधी बांधावर आलाच नव्हता. चांगोनं बदलापूरला जाऊन सांगितलं ते त्यानं बसल्या जागी लिहिलं होतं.

"मी नांगरलं," पुतळी लांबून ओरडली. "दोन सालं मीच नांगरलं. समद्यांनी पाहिलंय."

साहेबांनी एकेकाला विचारलं. पाच पुरुषांनी पुढे येऊन सांगितलं, चांगो नांगरतो. देऊ पाटलानं तर हात जोडले. "साहेब, बाई नांगर धरील कशी? आमच्यात चालत नाय. खोटं बोलते ती." ज्यांनी तिच्या अंगावर चिखल फेकला होता तेच लोक शांतपणे सांगत होते की असं काही झालंच नाही. पुतळीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी नजर दिली नाही. तिला वाटलं, संपलं आता. इतकी उपाशी राहिले, पोरीला एकटी पाडली, ते कशासाठी?

साहेबांनी लिहायला घेतलं. मग त्यांची नजर वर गेली. "ती बाई उन्हात एवढी लांब का उभी आहे?"

देऊ घसा खाकरून म्हणाला, "तशी चाल हाय, साहेब."

"कसली चाल? पाच माणसं सांगतायत तिनं काही केलेलं नाही. मग तिला सावलीत घ्या की. आणि पाणी द्या तिला, त्या विहिरीचं. माझ्यासमोर द्या."

एक पोरगी कळशी घेऊन उठली. तेवढ्यात देवळाच्या पायरीवर बसलेली कौसाबाई ताडकन उभी राहिली. दोन वर्षं तिनं त्या विहिरीची राखण केली होती.

"पानी? तिला पानी? काय केलं नाय तिनं?" तिचा आवाज चढला. "नांगर धरलान तिनं! माझ्या मेलेल्या पोराचा नांगर! एक साल नाय, दोन सालं धरलान!"

"आये, गप बस!" चांगो ओरडला.

"का गप बसू? तू बस गप! साहेब, लिवा. आर्द्रात धरलान, मंगळवार होता. वरच्या खाचरापासून सुरू केलान, तासं समदी वाकडी. तिसऱ्या तासात आपटली थोबाडावर. या माझ्या चांगोला पराणीनं मारलान, बघा मनगटावर वण हाय अजून! दुसऱ्या साली पन तीच. लावनी पन एकटीनंच केलीन, आमी कोन गेलो नाय. म्हनून वाळीत टाकलीय तिला, या देऊनंच टाकलीय. देवीसमोर सांगते, खोटं असंल तर जीभ झडो माझी!"

साहेबांनी चांगोला मनगट पुढे करायला सांगितलं. वण होता. त्यांनी देऊकडे पाहिलं. देऊ जमिनीकडे पाहत होता. मग ते आण्णाला सांगत गेले आणि आण्णा घाम पुसत लिहीत गेला. वार, खाचर, तासं, वण, वाळीत, सगळं कागदावर उतरलं.

"समदं लिवलंस ना?" कौसाबाईनं दरडावून विचारलं.

"सगळं लिहिलं, आजी. इथे अंगठा द्या."

तिनं शाईत अंगठा बुडवला आणि सगळा जोर लावून कागदावर दाबला. इतक्या दिवसांनी आपलं गाऱ्हाणं सरकारनं ऐकलं म्हणून ती समाधानानं पायरीवर जाऊन बसली. पाणी मात्र तिनं पुतळीला घेऊ दिलं नाही, आणि पुतळीनंही ते मागितलं नाही.

ती काय करून बसली हे चांगोनं कौसाबाईला संध्याकाळी सांगितलं. ओरडून, भांडी आपटून, चांगलं समजेल असं सांगितलं. कसणारी म्हणून पुतळीचं नाव लागणार होतं, आणि ते कौसाबाईच्या अंगठ्यानं लागणार होतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गोठ्याच्या दाराशी आली. पुतळी नवसीला भाकर वाढत होती.

"पुतळे," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "पोर बोलतो मी घर बुडवलं. तू सांग. मी खोटं बोलले का?"

पुतळीला आधी हसू आलं, मग रडू आलं. तिनं दोन्ही आवरलं.

"नाय, आत्याबाय. साऱ्या वाडीत एकटी तूच खरं बोललीस."

कौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग बाजूला थुंकली आणि आपल्या चुलीकडे परत गेली. त्या पावसाळ्यात पुतळीनं तिसऱ्यांदा नांगर धरला. जमीन आता तिची होती, पण सावडीला त्या वर्षीही कुणी आलं नाही.